इलेक्ट्रिक गाडी आणि नवीन बॅटरी: कोल्हापुरात रोज विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि २०२१ पासून मी इलेक्ट्रिक कार चालवतोय, त्यामुळं पंप घेऊन आलेला माणूस पंपाचं बोलून झालं की दारातल्या गाडीकडं बघून एक तरी प्रश्न टाकतोच. चार वर्षांत तेच ते प्रश्न शंभरदा ऐकले, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, बॅटरीचं माप किलोवॅट-अवरमध्ये असतं पण आपल्या लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे तेच, म्हणून मी सगळीकडं युनिटच लिहिणार आहे. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे.

सॉलिड स्टेट बॅटरी येणार, हजार किमी जाणार म्हणतात. मग आत्ता घ्यायची का थांबायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर आहे की गाडीची खरंच गरज असेल तर थांबू नका. टोयोटानं २०१७ साली सांगितलेलं की २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सॉलिड स्टेटवाली गाडी येईल, आता तीच कंपनी २०२७-२८ म्हणते. याचा अर्थ ते खोटं बोलले असा नाही, काम अवघड आहे. प्रयोगशाळेत नखाएवढा सेल चालवून दाखवणं वेगळं आणि तसलेच लाखो सेल रोज कारखान्यातून एकसारखे काढणं वेगळं. शिरोलीतला कुठलाही फाउंड्रीवाला हे पटकन समजून घेईल, एक कास्टिंग चांगलं निघणं आणि हजारात पाचसुद्धा रिजेक्ट न होणं यात केवढा फरक असतोय ते त्याला माहीत आहे.

आणि आली तरी ती आधी महागड्या गाड्यांत येणार. २०२५ मध्ये मर्सिडीजनं अशाच प्रकारची बॅटरी बसवलेली गाडी जर्मनीतल्या श्टुटगार्टपासून स्वीडनमधल्या माल्मोपर्यंत १२०५ किमी एका चार्जमध्ये नेऊन दाखवली, भारीच काम आहे, पण ती गाडी चाचणीची होती आणि मॉडेल कोटीच्या वरचं. तिथनं आपल्या बारा-पंधरा लाखांच्या गाडीपर्यंत ती बॅटरी उतरायला वेळ लागणार. तोपर्यंत रोज इचलकरंजीला जाऊन येणारा माणूस पेट्रोलवर किती पैसे घालवील याचा हिशोब करा. रोजचं ६० किमी असेल तर त्याला हजार किमीच्या बॅटरीचा उपयोग काय, ते पण बघा.

सॉलिड स्टेट म्हणजे नेमकं असतं काय?

आत्ताच्या लिथियम बॅटरीत दोन टोकं असतात आणि मधे एक द्रव असतो, इलेक्ट्रोलाइट म्हणतात त्याला, त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडं जातात. चार्ज करताना एका बाजूला, गाडी पळताना दुसऱ्या बाजूला. हा द्रव पेट घेणारा असतोय, सगळी काळजी तिथनं सुरू होते. सॉलिड स्टेटमध्ये द्रवाच्या जागी घन पदार्थ, सिरॅमिकसारखा किंवा सल्फाइडचा. त्यामुळं दुसऱ्या टोकाला ग्राफाइटच्या ऐवजी सरळ लिथियम धातूच वापरता येईल अशी आशा आहे, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त वीज.

अडचण कुठं आहे तर दोन घन पदार्थ एकमेकाला चिकटून राहायला पाहिजेत. द्रव कसा कुठल्याही फटीत शिरतो, घनाचं तसं नाही. चार्ज-डिस्चार्ज होताना टोक फुगतं आणि आकसतं, मग मधे बारीक फट पडते, फट पडली की आयनचा रस्ता बंद. शिवाय लिथियमचे सुईसारखे कोंब फुटतात आणि ते त्या सिरॅमिकमधून सुद्धा आरपार जाऊन शॉर्ट करू शकतात. यावर उपाय म्हणून बॅटरी दाबून धरतात, पण दाबून धरायचा सांगाडा वजन वाढवतो. मधला मार्ग म्हणून सेमी-सॉलिड निघालंय, थोडा द्रव ठेवायचा. चीनच्या निओ या गाड्यांच्या कंपनीच्या प्रमुखानं डिसेंबर २०२३ मध्ये १५० युनिटची तसली बॅटरी घेऊन स्वतः १०४४ किमी गाडी चालवलेली.

एलएफपी आणि एनएमसी ही काय भानगड आहे? सेल्समन काहीच नीट सांगत नाही.

हा प्रश्न लोक कमी विचारतात आणि खरं तर पहिल्यांदा हाच विचारायला पाहिजे. दोन्ही लिथियमच्याच, फरक एका टोकाला काय मसाला भरलाय त्याचा. एनएमसीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट. एलएफपीत लोखंड आणि फॉस्फेट. एनएमसी हलकी, एका किलोत साधारण अडीचशे वॅट-अवर बसतात, एलएफपीत दीडशे ते दोनशेच्या मधे. म्हणजे तेवढ्याच रेंजला एलएफपी जड पडते.

पण एलएफपी स्वस्त, दोन-तीन हजार वेळा आरामात चार्ज होते, आणि तापली तरी लवकर भडकत नाही कारण फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, सोडत नाही. हा मसाला १९९६-९७ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याच गुडइनफना २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर, आजवरचे सगळ्यात वयस्कर नोबेल विजेते तेच. त्या वेळी एलएफपीला कारसाठी कुणी विचारत नव्हतं, आणि आज जगात बनणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत जवळपास निम्मा वाटा तिचाच आहे. नेक्सॉन ईव्ही, एमजी विंडसर, महिंद्राची बीई ६, सगळ्यांत एलएफपी. म्हणून मी लोकांना सांगतो, नवीन बॅटरीची वाट कशाला बघताय, ती तुमच्या समोर शोरूममध्ये उभी आहे, फक्त तिचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत.

कोल्हापूरच्या हवेला तर ती फारच सोयीची. लिथियमच्या बॅटरीला शून्याच्या खाली चार्ज करणं सोसत नाही, आपल्याकडं डिसेंबरात पहाटे बारा-तेरा अंश म्हणजे लई थंडी. आणि विदर्भासारखं ४५-४६ पण नाही. बॅटरीच्या आयुष्याला याच्यापेक्षा बरं गाव शोधून सापडायचं नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. एलएफपीचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाटच राहतंय, त्यामुळं गाडीच्या बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, किती चार्ज शिल्लक आहे याचा अंदाज घेताना गडबड होते. आठवड्यातनं एकदा घरच्या चार्जरवर पूर्ण १०० करा, म्हणजे त्याचा हिशोब परत जागेवर येतो. एनएमसी असेल तर उलट, रोज ८० वर थांबवा.

मिठापासून बॅटरी बनते म्हणे, ते सोडियम का काय?

मिठात सोडियम असतं म्हणून तसं म्हणतात. सोडियम-आयन खरीखुरी आहे, चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीनं २०२१ मध्ये आपली पहिली दाखवली आणि २०२५ मध्ये नॅक्स्ट्रा नावानं पुढची आणली, किलोला १७५ वॅट-अवर. म्हणजे एलएफपीच्या जवळ आली. लिथियम नको, आणि एका बाजूला तांब्याच्या पत्र्याच्या जागी पण ॲल्युमिनियम चालतंय, मी तांब्याच्या धंद्यातला माणूस, तांब्याचा आजचा भाव बघितला की ही बचत लहान नाही हे कळतं.

मग अजून सगळीकडं का नाही? कारण २०२२ च्या शेवटी लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलेलं, तेव्हा सगळे सोडियमच्या मागं पळाले, आणि २०२४ उजाडेपर्यंत तेच एक लाखाच्या आसपास खाली आलं. लिथियमच स्वस्त झाल्यावर सोडियमची घाई संपली. पण भारतासाठी हा विषय महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण लिथियमसाठी आपण पूर्ण बाहेरच्यांवर अवलंबून. रिलायन्सनं ब्रिटनची फॅराडियन ही सोडियमवाली कंपनी घेतलीय आणि पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं सोडियम-आयन तंत्र जाहीर केलं, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर केलेलं काम आहे ते. पहिल्यांदा रिक्षा, टेम्पो आणि सोलरच्या साठवणीत ही बॅटरी दिसेल असं मला वाटतं, कारण तिथं वजनाचं एवढं कुणाला पडलेलं नसतं.

जम्मूत लिथियम सापडलंय की, मग आपण कशाला अवलंबून?

फेब्रुवारी २०२३ मध्ये रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा साठा असल्याचा अंदाज जाहीर झाला, पण तो अगदी प्राथमिक पातळीवरचा अंदाज आहे. नंतर लिलाव काढला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत म्हणून रद्द करावा लागला. जमिनीत असणं आणि बॅटरीत येणं यात खाण, शुद्धीकरण, सेलचा कारखाना असं सगळं मधे आहे आणि शुद्धीकरणात आज चीन सगळ्यांच्या लई पुढं आहे.

चीनमध्ये पाच मिनिटांत चार्ज होते म्हणतात, खरं आहे?

खरं आहे. चीनच्याच बीवायडी कंपनीनं मार्च २०२५ मध्ये एक मेगावॅटचं चार्जिंग दाखवलं, पाच मिनिटांत ४०० किमी, आणि पुढच्याच महिन्यात सीएटीएलनं पाच मिनिटांत ५२० किमीचा दावा केला. पण एक मेगावॅट म्हणजे काय हे इंडक्शन फर्नेस चालवणाऱ्याला विचारा. एचटी म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, वर डिमांड चार्जचा आकार. माझ्या घरचा चार्जर ३.३ किलोवॅटचा, तसले तीनशे एकदम लावले तर एक मेगावॅट होतंय. हायवेच्या कडेला प्रत्येक हॉटेलात हे बसणार नाही. आपल्याकडं आत्ता ३० किलोवॅट, ६० किलोवॅटचे डीसी, म्हणजे फास्ट, चार्जर दिसतात आणि माझ्या मते तेच जास्त संख्येनं आणि चालू स्थितीत असले तरी खूप झालं. मागच्या दिवाळीत साताऱ्याच्या अलीकडं एका हॉटेलाच्या चार्जरवर गेलो, ॲपवर हिरवा दाखवत होता, प्रत्यक्षात गनचं लॉक तुटलेलं आणि फोन उचलायला कुणी नाही. तिथं बायको-पोरांना घेऊन ४० मिनिटं बसलो आणि शेवटी पुढं १८ किमीवरच्या दुसऱ्या चार्जरवर ७ टक्क्यांवर पोचलो. पाच मिनिटांच्या चार्जरपेक्षा उचलला जाणारा फोन मला त्या दिवशी जास्त पाहिजे होता.

पुण्याला एका चार्जमध्ये जाता येतं का?

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किमी. माझ्या ३० युनिटच्या गाडीला नाही, एकदा थांबावं लागतं, मी कराडच्या आसपास थांबतो. नवीन ४५ युनिटच्या गाडीला आरामात. कंपनी जो आकडा छापते तो ठरावीक चाचणीतला असतोय, हायवेला ९०-१०० नं एसी लावून गेलात की त्याच्या ६५-७० टक्के धरा. ४५ युनिटच्या नेक्सॉनवर ४८९ लिहिलंय, आता टाटा स्वतःच प्रत्यक्ष वापरातला आकडा साडेतीनशेच्या आसपास सांगते, हे त्यांनी चांगलं केलं. ११० च्या वर गेलात की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि टक्के डोळ्यांदेखत पडतात.

टोलचं पण विचारतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे. आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्यामुळं किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर सगळीकडं भरायचाच.

घाटात बॅटरी लगेच संपते का? पन्हाळ्याला जाताना गाडी मधेच थांबली तर?

हे मी मोजून बघितलंय. कोल्हापूर ते पन्हाळा वीस किमी आणि चढ साधारण ४०० मीटर. माणसं धरून दीड टनाची गाडी ४०० मीटर उचलायला सुमारे १.६ युनिट लागतात, शाळेतलंच गणित आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. त्यात मोटरचं नुकसान धरून १.८. सपाट रस्त्यावर वीस किमीला २.८ युनिट लागले असते, म्हणजे जाताना एकूण ४.६, माझ्या बॅटरीचे १५ टक्के. उतरताना पाय सोडला की मोटरच जनरेटर होते आणि त्या १.६ मधलं एक युनिट तरी परत बॅटरीत येतं, त्यामुळं परतीला फक्त ६ टक्के गेले. जाऊन-येऊन २१. सपाटीवर ४० किमीला १९ गेले असते. म्हणजे पन्हाळा चढल्याची किंमत दोन टक्के.

वाघबीळपासून खाली येताना स्क्रीनवरचा आकडा ८३ चा ८४ होतो तेव्हा माझा मुलगा अजूनही ओरडतो. पेट्रोलची टाकी उतारावर कधी भरली नाही.

सावध कुठं राहायचं तर कोकणातून वर येताना. आंबा घाट किंवा करूळ घाट चढायच्या आधी खाली निदान २५-३० टक्के पाहिजेत, कारण चढ आधी येतो आणि उतार येतच नाही. आणि १०० टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात तर वीज घ्यायला बॅटरीत जागा नसते, गाडी रिजन, म्हणजे मोटरनं वीज परत भरणं, कमी करते, तेव्हा ब्रेक नेहमीसारखा पायानं धरायचा.

घरी चार्ज करायला काय काय लागतं?

१५-१६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, निदान ४ चौरस मिलिमीटरची वायर, एमसीबी, आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. लोक बॅटरीचं रसायन विचारतात आणि स्वतःच्या घराचं अर्थिंग कधी तपासलेलं नसतं. यावर मला जरा लांब लिहायचंय.

माझं घर मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. गाडी घेतली तेव्हा चार्जर बसवायला जी माणसं आली त्यांनी वीस मिनिटांत बोर्ड ठोकला, फोटो काढला आणि गेली, अर्थिंगला मीटर लावला नाही. पावसाळाभर सगळं ठीक चाललं. मार्च संपला आणि रोज रात्री दोन-अडीचला चार्जिंग बंद पडायला लागलं, सकाळी उठून बघावं तर लाल दिवा आणि ४१ टक्के. मी सर्व्हिस सेंटरला दोनदा गाडी नेली, गाडी ठीक आहे म्हणून परत पाठवली. मग एका रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो, न्यूट्रल आणि अर्थच्या मधे ३८ व्होल्ट. तिथं दोन-तीनच्या वर असू नयेत. परसात तुळशीकट्ट्याशेजारी जुना अर्थिंगचा पाइप होता, उकरायला घेतलं तर दोन फुटांवर पाइप गंजून हातात तुटून आला, खालचा भाग मातीत विरघळून गेलेला. पावसात जमीन ओली म्हणून कसंबसं चालत होतं, उन्हाळ्यात माती वाळली आणि संपलं.

नवीन आठ फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि खडेमीठ थराथरानं, वर पाणी ओतायला नरसाळं. रात्री मोजलं, १.२ व्होल्ट. तेव्हापासून एकदाही लाल दिवा लागला नाही. सगळा खर्च चार हजारांच्या आत. जुन्या पेठांतल्या घरांत मी आता ओळखीच्यांकडं स्वतः जाऊन मोजतो, दहा घरांत सहा-सात ठिकाणी अर्थिंग नावालाच असतंय, आणि त्याच वायरिंगवर गिझर आणि वॉशिंग मशिनही चालू असतात. गाडी घ्या किंवा घेऊ नका, अर्थिंग मात्र तपासून घ्या.

७.२ किलोवॅटचा चार्जर पाहिजे असेल तर महावितरणकडं लोड वाढवायचा अर्ज करा. चोरून जोडू नका, गल्लीचा फ्यूज उडतो आणि शेजाऱ्यांशी वाईटपणा येतो.

फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंगमध्ये पॉइंट नाही.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि तुमच्याच मीटरवरून वायर खाली आणा, कॉमन मीटरवरून नको, भांडणं तिथंच होतात. जमतच नसेल तर आठवड्यातनं एकदा बाहेर डीसीवर चार्ज करून पण शहरातली माणसं भागवतात, खर्च दुप्पट पडतो इतकंच.

किलोमीटरला खर्च किती?

माझी गाडी एका युनिटला सात किमी देते. घरचं युनिट दहा रुपये धरलं तर दीड रुपयाच्या आत. बाहेरच्या चार्जरवर युनिट वीस-बावीसच्या आसपास पडतं, म्हणजे तीन रुपये. पेट्रोल शंभराच्या वर आणि गाडी पंधराचं ॲव्हरेज देत असेल तर सात रुपये. छतावर सोलर असेल तर अजून कमी, तीन किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट देतं, आणि पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. जुलैमध्ये मात्र सोलरच्या भरवशावर राहू नका, आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही आपल्याकडं.

पण महिन्याला ४००-५०० किमीच फिरणं असेल तर नुसत्या पैशासाठी घेऊ नका, गाडीची जास्तीची किंमत वसूल व्हायला लई वर्षं जातील. हे मी दुकानात तोंडावर सांगतो.

पावसात चालते का? आणि महापुरात काय?

पावसात बिनधास्त. साचलेल्या पाण्यातून पण जाते, बॅटरीचा डबा सीलबंद असतोय. आयपी-६७ लिहिलेलं असतं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेलं.

महापूर ही वेगळी गोष्ट आहे. २०१९ ला आणि २०२१ ला आपण बघितलंय, पाणी अर्धा तास नाही, चार-चार दिवस हलत नाही, आणि ते चिखलाचं, ड्रेनेजचं. आयपी-६७ त्याची हमी देत नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका. तुमचं घर कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प या बाजूला असेल तर ३९ ची बातमी आली की गाडी १०० टक्के चार्ज करा आणि उंचावर नेऊन लावा, थांबू नका, कारण ४३ पर्यंत वीज आधीच बंद केलेली असते.

गाडी बुडालीच तर सुरू करून बघू नका, चार्जरला लावू नका, पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतीपासून लांब मोकळ्यावर ढकलून ठेवा आणि कंपनीला बोलवा. बुडालेली बॅटरी काही दिवसांनी पण पेटू शकते. विम्यात बॅटरीत पाणी शिरण्याचं कव्हर आहे का ते आजच बघा.

याची दुसरी बाजू पण आहे. २०१९ ला हायवे शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद होता, शहरात पेट्रोल नाही, वीज नाही, नळाला पाणी नाही. आता काही गाड्यांत व्ही-टू-एल येतंय, गाडीच्या बॅटरीवर घरातली उपकरणं चालतात. फ्रिज, चार दिवे, दोन पंखे आणि मोबाइल मिळून दिवसाला चार युनिट धरले तर ३० युनिटची गाडी आठवडा काढून देते. आमच्या गल्लीत त्या वेळी एका आजींचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात ठेवलेलं आणि बर्फ शोधत पोरं सगळ्या शहरात फिरत होती. ते आठवलं की ही सोय मला रेंजपेक्षा मोठी वाटते.

आग लागते त्याचं काय?

२०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले आणि ती भीती बसलीय, बसणारच. त्यानंतर सरकारनं एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ पासून आणि मार्च २०२३ अखेरपासून अशा दोन टप्प्यांत. एक सेल बिघडून तापला तरी आगीआधी चालकाला इशारा मिळाला पाहिजे, सेलचा, चार्जरचा दर्जा काय असावा, असं बरंच त्यात आहे. सेल तापून आतूनच आणखी तापत जातो आणि आवरत नाही ती थर्मल रनवे, मग त्याची उष्णता शेजारच्याला, त्याची पुढच्याला, अशी साखळी लागते. एलएफपीत ती सुरू व्हायला जास्त तापमान लागतं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर घेऊ नका, बाहेरून वायर कापून हॉर्न-लाइट जोडू नका, खालून दगड लागला तर डबा तपासून घ्या. धूर दिसला की लांब व्हा आणि अग्निशमनला फोन करा, धूर विषारी असतो.

बॅटरी किती वर्षं टिकते? बदलायला पाच-सात लाख लागतात म्हणे.

बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देतात, महिंद्रा आणि टाटानं काही मॉडेलवर पहिल्या मालकाला आयुष्यभराची दिलीय. माझी गाडी चार वर्षांत ६२ हजार किमी झाली, नवी असताना २१० जायची, आता १९५.

किंमत अशी: जगभरात बॅटरीचा सरासरी भाव २०१० च्या सुमारास युनिटला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५. त्या हिशोबानं ३० युनिटची बॅटरी आजच कारखान्याच्या दारात तीन लाखांच्या आसपास होते, तुमच्यापर्यंत येईपर्यंत जास्त. एखादं वर्ष सोडलं तर भाव उतरतच चाललाय. शिवाय बहुतेक वेळा पूर्ण बॅटरी जात नाही, एखादं मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, कमजोर पडतं, तेवढं बदलता येतं, मात्र ते वॉरंटीत कंपनीकडूनच करून घ्या.

सेकंड हँड घेऊ का?

घ्या, पण किमी बघून नाही, बॅटरीचा एसओएच रिपोर्ट बघून, म्हणजे नव्याच्या किती टक्के ताकद उरलीय ते. आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का ते लेखी घ्या. पूरग्रस्त गाडी नाही ना हे आपल्या भागात तरी विचारलंच पाहिजे.

जुन्या बॅटऱ्यांचा कचरा होणार की?

ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत, विकणाऱ्या कंपनीवरच परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी टाकलीय. गाडीला कमी पडणारी ७०-७५ टक्क्यांची बॅटरी सोलरच्या साठवणीला अजून कितीतरी वर्षं चालते. भंगारवाल्याला मात्र देऊ नका, तो पहारीनं फोडतो.

वीज कोळशाचीच आहे, मग फायदा काय?

महाराष्ट्राची बरीच वीज कोळशाची हे खरं. कोयनेचे १९६० मेगावॅट सोडले तर पाण्याचा वाटा फार नाही. तरीही मोटर मिळालेल्या विजेतली ८५-९० टक्के चाकापर्यंत पोचवते आणि पेट्रोल इंजिन पाव हिस्साच पोचवतं, बाकीची उष्णता. आणि दसरा चौकात सिग्नलला उभं राहून जो धूर आपण घेतो तो तरी तिथं नसतो.

सगळं इलेक्ट्रिक झालं तर आपल्या फाउंड्र्यांचं आणि उद्यमनगरचं काय होणार?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो, माझाही बदलतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही एमआयडीसींत इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, मॅनिफोल्ड ओतणारी हजारो माणसं आहेत. इलेक्ट्रिक कारला यातलं काहीच लागत नाही. ऑइल इंजिनवर उभं राहिलेलं गाव आहे हे.

हे उद्या सकाळी होणार नाही. ट्रॅक्टर, जड ट्रक, जनरेटर, पंप यांची इंजिनं अजून बरीच वर्षं ओतली जाणार. ब्रेक ड्रम, डिस्क, सस्पेन्शनचे भाग इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात, आणि गाडी जड म्हणून मजबूत लागतात. पण मोटरचं आणि इन्व्हर्टरचं कवच ॲल्युमिनियमचं, प्रेशर डाय कास्टिंगचं, ते लोखंडाच्या ओतकामापेक्षा वेगळं काम आहे, वेगळी मशिनरी, वेगळं भांडवल. मोठ्यांना जमेल. चार माणसांच्या मशीन शॉपला, जो फक्त व्हॉल्व्ह गाइड टर्न करून देतो, त्याला कोण सांगणार? जॉब वर्क कमी व्हायला लागलं की कर्ज फेडायचे हप्ते थांबत नाहीत. औद्योगिक संघटनांनी आणि सरकारनं आत्ता, धंदा चालू असताना, यावर बसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

माझ्या धंद्यावरही आलंय. मागच्या वर्षी एका कारच्या मोटरचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा तारांचा भाग, बघायला मिळाला, त्यात गोल तार नाहीच, तांब्याच्या चपट्या पट्ट्या केसांच्या पिनेसारख्या वाकवून घातलेल्या आणि टोकं लेझरनं वेल्ड केलेली. हेअरपिन वाइंडिंग. तीस वर्षं हातानं कॉइल भरणारा आमचा कारागीर तो स्टेटर बराच वेळ फिरवून बघत बसला आणि म्हणाला, हे हातानं व्हायचं नाही. ई-रिक्षाच्या मोटरा मात्र येतात, त्या भरता येतात, आणि दर महिन्याला त्यांची संख्या वाढतेय.

पोराला डिप्लोमाला घालायचंय. मेकॅनिकल का इलेक्ट्रिकल?

उचगावच्या एका वडिलांनी मागच्या आठवड्यात विचारलं. मी म्हटलं दोन्हीतलं कुठलंही घालू दे, पण सुट्टीत माझ्याकडं पाठवा. इथं काम भरपूर असणार आहे आणि हात कमी आहेत, हाय व्होल्टेजची गाडी उघडणारे मेकॅनिक शहरात अजून मोजकेच. आमच्याकडं दोन पोरं शिकतायत. पहिले पंधरा दिवस त्यांना पाना धरू देत नाही. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल दिसली की हात मागं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, घालायच्या आधी त्यात हवा भरून भोक नाही ना बघायचं, बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं कारण कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि मग मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. परवा लहानग्यानं शून्य दिसल्यावर पण मीटर आधी चालू सॉकेटला लावून तो खरा दाखवतोय का ते तपासलं आणि परत येऊन पुन्हा मोजलं. त्याला हे मी शिकवलं नव्हतं.